टिळक आळीतील घर



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा पाडली. त्याच कुळातल्या आपल्या गावच्या या व्यासपीठावर आजवर अनेक पंडित बोलून गेले आहेत. कामगारांच्या संघटनेत वर्गणीच्या पावत्या फाडीत उमेद घालविलेल्या माणसाने येथे काय बोलावे, हा मला प्रश्नच होता. माझी शाळा लवकर सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयाच्या बाकावर. म्हणून चिटणिसांनी विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "मी एक घर पाहून आलो आहे. त्या घराविषयी जे समजले ते सांगेन."

ते घर रत्नागिरीचे. लोकमान्य टिळकांचे जन्मस्थान. २३ जुलै १८५६ रोजी बाळ गंगाधर टिळक तेथे जन्मले आणि वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत रत्नागिरीतच वाढले. ज्या आळीत ते घर आहे तिला आज टिळक आळी म्हणतात. घर राज्य सरकारच्या संरक्षित स्मारकांपैकी एक आहे. कोकण रेल्वे १९९८ पासून मुंबई ते मंगळूर अखंड धावू लागली, तेव्हापासून मुंबईहून रात्री निघालेला मनुष्य सकाळी रत्नागिरीला उतरतो आणि न्याहारी करून हे घर पाहू शकतो. आम्ही तसेच गेलो. आम्ही म्हणजे आमच्या संघटनेची पंधरावीस माणसे. त्यांत काही निवृत्त गिरणी कामगार, काही कंत्राटी कामावरची तरुण मुले आणि मुली.

थोरांचे घर पाहायला जाणाऱ्याच्या मनात एक चित्र असते. घर मोठे असेल, काही भव्य दिसेल, असे त्याला वाटत असते. येथे तसे काही नाही. उतरत्या छपराचे, कौलारू, कोकणात मध्यम स्थितीतील कुटुंबाचे असते तसले हे घर. खोल्या बेताच्या, आत उजेडही बेताचा. भिंतींवर टिळकांच्या आयुष्यातील प्रसंगांची चित्रे आणि छायाचित्रे. चपला बाहेर काढून, हात जोडून पाचदहा मिनिटांत लोक बाहेर येतात आणि छायाचित्र काढून पुढे समुद्राकडे जातात. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. घर स्वतः होऊन काही बोलत नाही. त्याला प्रश्न विचारावे लागतात.

आमच्यातल्या एका मुलीने पहिला प्रश्न विचारला, आणि तो मला फार योग्य वाटला. ती म्हणाली, "काका, हे घर त्यांचं स्वतःचं होतं का?"

नव्हते. टिळक कुटुंब येथे भाड्याने राहत होते. मूळ गाव दापोली तालुक्यातील चिखलगाव. पणजोबा केशवराव पेशवाईत अंजनवेलला मामलेदार होते. पेशवाई बुडाली तेव्हा त्यांनी नोकरी सोडली, आणि पुढल्या पिढ्यांत घराण्याची स्थिती उतरत गेली. वडील गंगाधरपंत यांना शिक्षणाची हौस मोठी, पण घरच्या अडचणींमुळे इंग्रजी शिक्षण अर्धे टाकून ते मराठी शाळेत शिक्षक झाले. तुटपुंज्या पगाराच्या या मास्तराने संस्कृत आणि गणित यांचा व्यासंग मात्र सोडला नाही. त्रिकोणमिती आणि व्याकरण यांवर त्यांनी पुस्तके लिहिली. मुलाला पुढे जी दोन शस्त्रे आयुष्यभर उपयोगी पडली, संस्कृतातले पाठांतर आणि गणितातली शिस्त, ती त्याला या घरात बापाकडून मिळाली. पुढे 'गीतारहस्य' लिहिणारा आणि त्याआधी न्यू इंग्लिश स्कूलमध्ये फळ्यावाचून गणित सोडवायला लावणारा मास्तर समजून घ्यायचा असेल, तर आधी गंगाधरपंत समजून घ्यावे लागतात.

तेव्हा या घराची पहिली शिकवण अशी, की येथे पाहण्यासारखी वस्तू फारशी नाही. पाहण्यासारखी आहे ती एका पगारदार माणसाची संसारातली कसरत. पगार थोडा, घर दुसऱ्याचे, आणि तरी पोराच्या अभ्यासात कसूर नाही. आमच्या बरोबरच्या माणसांना हे लगेच कळले. भाड्याची खोली आणि पोराची फी, हे दोन शब्द कामगाराला समजावून सांगावे लागत नाहीत.

१८६६ साली गंगाधरपंतांची पुण्यास बदली झाली. शिक्षण खात्यात साहाय्यक उपनिरीक्षक म्हणून बढती मिळाली, आणि हे बिऱ्हाड घाट चढून गेले. त्याच वर्षी आई पार्वतीबाई वारल्या. १८७२ साली, मुलगा मॅट्रिक झाला त्याच वर्षी, गंगाधरपंतही गेले. सोळा वर्षांचा हा पोरका मुलगा पुढे बी.ए., एलएल.बी. झाला, शाळा काढली, वर्तमानपत्रे काढली, तुरुंगात गेला, लोकमान्य झाला. तो इतिहास आपणांस ठाऊक आहे.

मला सांगायचे आहे ते याच्या शेजारचे.

रत्नागिरी जिल्ह्यातून बाहेर पडण्याच्या त्या काळी दोन वाटा होत्या. एक घाटावरची. ती पुण्याला जायची, आणि त्या वाटेने जायला शिक्षण किंवा शिक्षणाची ओढ लागायची. दुसरी समुद्राची. बंदरात पडाव, पडावातून आगबोट, आणि आगबोटीतून मुंबईचा धक्का. या वाटेने जायला दोन हात पुरत. ज्यांना जमीन पोसू शकत नव्हती ते कुणबी, मराठे, महार आणि इतर अनेक जातींचे लोक याच वाटेने गेले. १९११ च्या शिरगणतीत मुंबईची लोकवस्ती दहा लाखांच्या थोडी आत होती, आणि त्यांत रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले लोक दोन लाखांवर होते. आजचा सिंधुदुर्ग जिल्हा तेव्हा रत्नागिरीतच होता, हे ध्यानात घेतले तरी हा आकडा छाती दडपवणारा आहे. मुंबईत भेटणाऱ्या दर पाच माणसांतला एक रत्नागिरीकर!

ही माणसे गेली कोठे? गोदीत, घरकामाला, आणि मुख्यतः गिरण्यांत. येथे एक योगायोग सांगतो. मुंबईतली पहिली कापडगिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली स्थापिली आणि ती ताडदेवला प्रत्यक्ष चालू झाली १८५६ च्या फेब्रुवारीत. म्हणजे गिरणी आणि टिळक यांचे जन्मवर्ष एकच. एकाच वर्षी मुंबईत चाक फिरू लागले आणि रत्नागिरीत पाळणा हलला. त्या दोघांची गाठ पडायला बावन्न वर्षे लागली.

ती गाठ १९०८ साली पडली. ३० एप्रिलला मुजफ्फरपूरला बाँब पडला. त्यानंतर 'केसरी'त आलेल्या 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' इत्यादी लेखांवरून टिळकांना २४ जूनला मुंबईत पकडण्यात आले. १३ जुलैपासून हायकोर्टात खटला चालला. न्यायमूर्ती दिनशा दावर. हेच दावर १८९७ च्या खटल्यात बॅरिस्टर म्हणून टिळकांच्या बाजूने उभे राहिले होते आणि त्यांनी टिळकांना जामिनावर सोडविले होते. ज्यूरीत सात युरोपियन, दोन पारशी. २२ जुलैच्या रात्री सातांनी दोषी म्हटले, दोघांनी निर्दोष म्हटले, आणि सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली गेली. दुसऱ्या दिवशी, २३ जुलैला, टिळकांना बावन्न वर्षे पूर्ण होत होती.

त्या वाढदिवशी मुंबईतल्या कामगारांनी काय केले, ते जगाच्या कामगार-चळवळीच्या इतिहासात नमूद आहे. खटला चालू असतानाच काही गिरण्या बंद पडू लागल्या होत्या. २३ जुलैपासून सहा दिवस सार्वत्रिक संप झाला. शिक्षेच्या एका वर्षाला एक दिवस, असा तो हिशेब. रस्त्यांवर पोलीस आणि लष्कर उतरले. गोळीबार झाला, माणसे मेली. दूर युरोपात परागंदा असलेल्या लेनिननेही त्याच वर्षी या संपाची दखल घेतली, आणि हिंदुस्थानचा कामगार आता राजकीय लढ्याला तयार झाला आहे असा अर्थ त्यातून काढला.

सहा दिवसांचा संप म्हणजे काय, हे मला येथे थोडे फोडून सांगितले पाहिजे, कारण पुस्तकात ती एक ओळ असते. १९०८ साली गिरणीत प्रौढ पुरुषाच्या कामाच्या तासांना कायद्याची मर्यादा नव्हती. बारा तासांची मर्यादा आली ती १९११ च्या कायद्याने. विजेचे दिवे आल्यापासून रात्रीचेही कामात ओढले गेले होते. रविवारची सुटी १८९० साली मिळाली, तीही नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने. १८८४ साली लोखंड्यांनी कामगारांच्या सभा भरवल्या होत्या. पण नोंदलेली युनियन, संपाचा फंड, संपाला कायद्याचे संरक्षण, यांतले काहीही १९०८ साली नव्हते. ट्रेड युनियन कायदा झाला १९२६ साली. म्हणजे या माणसांनी सहा दिवसांचे खाडे स्वतःच्या पोटावर घेतले. मागणी पगारवाढीची नव्हती, बोनसची नव्हती. स्वतःसाठी एक पैही मागितलेली नव्हती.

मी इतकी वर्षे संपाची बोलणी केली, त्यावरून सांगतो की माणसाला स्वतःच्या मागणीसाठी सहा दिवस बाहेर ठेवणे कठीण असते. चौथ्या दिवशी वाणी उधार बंद करतो. पाचव्या दिवशी घरून विचारणा होते. मग दुसऱ्यासाठी सहा दिवस ही माणसे कशाच्या बळावर उभी राहिली?

याची कारणे शोधू गेल्यास काही हाती लागतात. १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सवाने चाळीचाळींत माणसे एकत्र आणली होती. 'केसरी' विकत घेणारा एक असला तरी ऐकणारे दहा असत. टिळकांनी स्वतः १९०७-०८ च्या सुमारास गिरणगावात येऊन स्वदेशी आणि दारूबंदी यांवर कामगारांपुढे भाषणे केली होती. पण मला वाटते, या कारणांना एक धागा आणखी जोडला पाहिजे. साच्यावर उभ्या असलेल्या माणसांतली पुष्कळशी त्याच जिल्ह्यातून आलेली होती. साहेबाने पकडलेला मनुष्य हा आपल्या मुलखातला, आपल्याच समुद्राकाठचा, ही ओळख त्यांना होती. घाटाची वाट आणि समुद्राची वाट १९०८ च्या जुलैत मुंबईत येऊन मिळाल्या.

आता या घराविषयी बोलताना दुसरी बाजू झाकून ठेवली तर मी तुमचा आणि माझाही अपराधी होईन.

समुद्राच्या वाटेने माणसे का गेली? जमीन अपुरी, हे खरे. पण कोकणात खोती होती, हेही खरे. खोत सरकारचा सारा वसूल करी, आणि कुळाकडून पिकाचा मोठा वाटा घेई. वर वेठ असे, मानपान असे. टिळकांच्या घराण्याकडे चिखलगावच्या खोतीचा वाटा होता. तो मोठा नव्हता, पण होता. आणि सरकारने खोती कायद्यात कुळांच्या बाजूने फेरफार करू म्हटले तेव्हा टिळकांनी खोतांची बाजू उचलून धरली. त्यांचे म्हणणे, परके सरकार जुन्या हक्कांत हात घालते आहे. गिरण्यांच्या कायद्याविषयीही सुरुवातीला 'केसरी'ला मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांचा डाव दिसला. त्या संशयात तथ्य होते. परंतु कायदा कोणाच्याही स्वार्थातून येवो, त्याने पोराचे कामाचे तास कमी होणार होते, ही गोष्ट साच्यापाशी उभे राहिल्यावाचून दिसत नाही.

खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने. त्यापूर्वी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोतीनिर्मूलनाचे विधेयक मांडले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. त्यांचे मूळ गाव आंबडवे; मंडणगड तालुक्यातले, म्हणजे चिखलगावच्या शेजारच्या तालुक्यातले, त्याच रत्नागिरी जिल्ह्यातले. त्यांचे बालपण दापोली, सातारा आणि मग परळची चाळ असे गेले. ज्या गिरण्यांनी १९०८ चा संप केला, त्याच गिरण्यांच्या साचेखात्यात अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्णांना त्याचा विटाळ वाटे. ही गोष्टही आपल्या चळवळीच्या वहीत लिहिलेली असली पाहिजे. एका जिल्ह्याने देशाला हे दोन पुरुष दिले. एकाने परक्याच्या सत्तेवर बोट ठेवले, दुसऱ्याने आपल्यातल्या सत्तेवर. रत्नागिरीला जाऊन एकच घर पाहून परतणारा अर्धी रत्नागिरी पाहून येतो.

मग मी त्या घरात हात जोडले की नाही? जोडले. आणि न संकोचता जोडले. माझे पूर्वज कुळे होते, आणि तरीही त्यांच्याच पिढीतली माणसे या माणसासाठी सहा दिवस उपाशी राहिली. ती भोळी होती म्हणून नव्हे. आपल्याला मिळायचे ते परक्या राज्यात मिळणार नाही, हे त्यांना उमगले होते. आणि ते उघडपणे बोलल्याबद्दल एक माणूस तुरुंगात जात होता. त्याच्या सगळ्या मतांवर त्यांनी सही केली नव्हती. एका गोष्टीवर केली होती. संघटनेत आपण हेच करतो. सगळी मते जुळलेली दोन माणसे मला अजून भेटायची आहेत.

त्या घरात एका लहान मुलाला त्याची आई शेंगांच्या टरफलांची गोष्ट सांगत होती. ती कोणाला ठाऊक नाही? वर्गात टरफले पडली होती, मास्तर म्हणाले सगळ्यांनी उचला, आणि टिळक म्हणाले, मी शेंगा खाल्ल्या नाहीत, मी टरफले उचलणार नाही. मुलाने विचारले, "मग टरफलं कोणी उचलली?" आई हसली आणि पुढे गेली. मी मात्र तेथेच थबकलो. गोष्ट खरी की रचलेली, हा वाद अभ्यासकांनी करावा. पण पिढ्यान्‌पिढ्या आपण ती सांगतो आणि हा प्रश्न कोणी विचारत नाही. कोणीतरी ती उचलली असणार. न खाता उचलणारी माणसे जगात पुष्कळ आहेत, आणि इतिहासात त्यांची नावे नसतात. १९०८ च्या गोळीबारात पडलेल्यांपैकी किती जणांची नावे आपण मुलांना पाठ करून घेतली?

आणखी एक जागा रत्नागिरीत पाहावी. थिबा राजवाडा. इंग्रजांनी ब्रह्मदेश घेतला आणि तेथला राजा थिबा याला १८८६ साली रत्नागिरीस आणून ठेवले. १९१६ साली तो तेथेच वारला. त्याची राजधानी मंडाले. आणि टिळकांना १९०८ ते १९१४ कोठे ठेवले? मंडालेत. ब्रह्मदेशाचा राजा रत्नागिरीत कैदी आणि रत्नागिरीचा पुत्र ब्रह्मदेशात कैदी! साम्राज्य म्हणजे काय, हे मी पुष्कळ पुस्तकांत वाचले होते. पण ही दोन घरे एकाच दुपारी पाहिल्यावर ते जितके कळले तितके पूर्वी कळले नव्हते.

परतताना गाडीत एक निवृत्त कामगार माझ्याजवळ बसले होते. वयाने माझ्याहून वीस वर्षांनी वडील. १९८२ च्या संपानंतर त्यांची गिरणी त्यांना पुन्हा उघडी दिसली नाही. बराच वेळ ते खिडकीबाहेर पाहत होते. मग म्हणाले, "भाऊ, त्या घराची कौलं सरकार परततं. बरं आहे. आमच्या घराची कौलं परतायला गावात कोण उरलंय?"

या प्रश्नाला माझ्यापाशी सोपे उत्तर नव्हते. कोकणात आजही गावोगाव कुलूपबंद घरे आहेत. त्यांतली माणसे समुद्राच्या वाटेने मुंबईला गेली, ती त्यांच्या पोरांसकट तिकडचीच झाली. मागे राहिलेल्या बायकांनी मनीऑर्डरीवर आणि भाताच्या चार पेंढ्यांवर घर तगविले. गिरण्या गेल्या, चाळी पडल्या, मनोरे उभे राहिले. त्या कुलूपबंद घरांना सरकार संरक्षित स्मारक करणार नाही, आणि सगळ्यांना करता येणारही नाही. पण त्यांचीही एक नोंद राहिली पाहिजे, कारण टिळक आळीतील घर जे स्मारक झाले ते केवळ तेथे एक थोर पुरुष जन्मला म्हणून नव्हे. त्याच्या शब्दासाठी रस्त्यावर आलेली माणसे अशाच घरांतून निघाली होती. लोकांनी मान्य केले, म्हणून तो लोकमान्य. पदवी देणाऱ्यांची घरे कोठे आहेत, हे पदवी मिळालेल्याच्या घरात उभे राहून विचारलेच पाहिजे.

म्हणून माझी आपणांस विनंती एवढीच. मे महिन्यात मुलांना घेऊन कोकणात जाल तेव्हा रत्नागिरीचे ते घर जरूर पाहा. पाच मिनिटांत बाहेर येऊ नका. ओटीवर थोडे बसा आणि मुलांना सांगा, हे घर भाड्याचे होते, येथला बाप मास्तर होता. मग आपल्या घरातला जो कोणी आजोबा, पणजोबा बोटीने किंवा गाडीने मुंबईला गेला असेल त्याचे नाव, त्याची गिरणी, त्याचे खाते मुलांना सांगा. ठाऊक नसेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा. ती माणसे झपाट्याने कमी होत आहेत.

आमच्या मंडळींनी परत आल्यावर एक वही घातली आहे. कोण कोणत्या गावाहून आला, कोणत्या खात्यात लागला, कोणत्या संपात किती दिवस बाहेर राहिला, एवढेच तीत लिहायचे. पहिले नाव कौलांविषयी विचारणाऱ्या त्या म्हाताऱ्या गृहस्थांचे आहे. आजवर सव्वाशे नावे झाली आहेत. वही मी आज बरोबर आणली आहे, व्याख्यान संपल्यावर ज्यांना नाव लिहायचे असेल त्यांनी पुढे यावे.